आमचा पाठलाग समोरासमोर का येतोय? (सिनेमातल्या कंटिन्युइटीबद्दल मदत हवी)

एम_एटीवाला

मंडळी, एक अडचण घेऊन आलोय. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आम्ही चौघा मित्रांनी एक लघुपट केलाय, १२-१३ मिनिटांचा. सातवीतला पोरगा गणपतीच्या वर्गणीचे पैसे घेऊन सायकलवरून पळतो आणि त्याचा चुलता जुन्या एम-एटीवर (बजाजची दुचाकी) त्याच्या मागे लागतो. आधी बाजारपेठ, मग ओढ्यावरचा पूल, मग उसातली गाडीवाट. पाठलाग सव्वादोन मिनिटांचा. गाव आमचंच, वाईच्या अलीकडे. कॅमेरा भाड्याचा, एम-एटी वडिलांची, चुलता खराखुरा चुलता.

शूटिंग दोन रविवारी केलं. पहिल्या रविवारी पोराचे बाजारातले आणि पुलावरचे शॉट उरकले. सकाळची वेळ, रस्त्याच्या उजव्या अंगाला सावली, म्हणून कॅमेरा तिकडे लावला. पोरगा पडद्यावर डावीकडून उजवीकडे जातो. दुसरा रविवार चुलत्याचा. तो दुपारी मोकळा झाला, तोवर सावली पलीकडे गेलेली, मग कॅमेराही पलीकडे नेला. रस्ता तोच, दुकानं तीच, आम्हाला काही वावगं वाटलं नाही. त्याच दिवशी उसातले दोघांचे शॉटही त्याच बाजूने उरकून टाकले.

कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटमधलं पुढच्या शॉटशी जुळतंय ना, ते सांभाळायला मावसभावाला बसवला होता. त्याने दोनशे पानी वही केली होती. दप्तर उजव्या खांद्यावर, शर्टाची वरची दोन बटणं उघडी, डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला. दुसऱ्या रविवारी पोरगा आईने शिवून दिलेली चपल घालून आला, तर पठ्ठ्याने तो अंगठा ब्लेडने परत तोडला.

काल रात्री सगळं जोडून घरी दाखवलं. बाजारातला पाठलाग सुरू झाला आणि आई म्हणाली, "हा त्याला आणायला समोरून चाललाय होय? मग धडकतील की दोघं!"

आता बघतो तर खरंच तसंच दिसतंय. पोरगा उजवीकडे, चुलता डावीकडे. चुलत्याचे शॉट आरशासारखे उलटे करून पाहिले, तर मागे 'कृषी सेवा केंद्र'ची पाटी उलटी येते. मोठ्या सिनेमांत गाड्या दहा-दहा मिनिटं अख्खं शहर पालथं घालतात आणि आपण कुठे चुकत नाही. ते कसं करतात? आणि आमचं काही होण्यासारखं आहे का? चुलता परत शूटिंगला यायला तयार नाही. ऊस तुटला.

खडूस_प्रेक्षक

आईंना संकलक म्हणून घ्या.

निळी_छत्री

वाचतेय. चपलेवर हसून घेतलं. पण मला अजून कळलं नाही, रस्ता तोच, जायची दिशा तीच, तर कॅमेरा पलीकडे गेल्याने एवढं काय झालं?

कातरकाम

@निळी_छत्री, लक्ष्मी रस्त्यावर विसर्जनाची मिरवणूक बघितली असेल. या बाजूच्या गॅलरीतून गणपती डावीकडून उजवीकडे जातो. समोरच्या वाड्याच्या गॅलरीत मावशी उभी आहे, तिला तोच गणपती उजवीकडून डावीकडे जाताना दिसतो. गणपती अलका चौकाकडेच चाललाय. तुमच्या फोनवरचा व्हिडिओ आणि मावशीचा व्हिडिओ एकापुढे एक जोडा. ढोलपथक पुढे गेलं आणि गणपती परत फिरला असं दिसेल.

@एम_एटीवाला, आईंनी अचूक पकडलंय. मी १९ वर्षं हेच काम करते (मालिका जास्त, सिनेमे कमी) आणि दर दोन-तीन महिन्यांनी असा एक सीन टेबलावर येतोच. याला आम्ही ॲक्सिस तुटला म्हणतो.

प्रेक्षकाला तुमचा रस्ता ठाऊक नसतो, त्याच्यापुढे फक्त चौकट असते. पळणारा उजवीकडे गेला की 'उजवीकडे म्हणजे पुढे' एवढं तो मनात धरून बसतो. मागचाही उजवीकडे गेला तर पाठलाग, डावीकडे गेला तर भेट. म्हणून दोघांना जोडणारी एक रेघ आहे असं समजायचं आणि कॅमेरा तिच्या एकाच अंगाला ठेवायचा. पुस्तकात याला १८० अंशांचा नियम म्हणतात. सेटवर कुणी अंश मोजत नाही. 'लेफ्ट-टू-राइट की राइट-टू-लेफ्ट?' एवढं विचारतात आणि असिस्टंट वहीत बाण काढून ठेवतो. तुमच्या मावसभावाच्या वहीत चप्पल होती, बाण नव्हता.

दुसरं, चौकटीच्या कडा. पोरगा उजव्या कडेने बाहेर पडला की पुढच्या शॉटमध्ये डाव्या कडेने आत यायला हवा. मग एक शॉट बाजारातला आणि पुढचा दहा मैलांवरच्या पुलावरचा असला तरी चालतं, प्रेक्षक दोन्ही जागा मनातल्या मनात खेटून ठेवतो. रशियात लेव कुलेशोव्हने १९२० च्या दशकात हेच करून दाखवलं होतं. मॉस्कोतले लोक चालतायत आणि मधे वॉशिंग्टनच्या व्हाइट हाउसचा तुकडा जोडलेला. बघणाऱ्याला वाटलं, मॉस्कोतच आहे.

आता पाठलागातली खरी मेख. पोरगा पुलावरून फ्रेमबाहेर गेला. पूल रिकामा. तो किती वेळ रिकामा ठेवायचा? सेकंदाला २४ फ्रेम धरा. १२ फ्रेमनंतर एम-एटी आत आली तर चुलत्याचा हात पोराच्या कॉलरला लागलाच म्हणून समजा. ७२ फ्रेम ठेवल्या तर पोरगं निसटलं. तुमच्या शूटिंगमध्ये त्या दोघांत खरं तर आठ दिवसांचं अंतर आहे! तरी ते अर्ध्या सेकंदाचं करता येतं. ते मी टेबलावर ठरवते. मात्र एकदा ठरवलं की त्याच्याशी इमान राखायचं. चुलता एका शॉटमध्ये मडगार्डला टेकलाय आणि पुढच्यात फर्लांगभर मागे, असं झालं की लोकांना फसवल्यासारखं वाटतं. तो मागे पडायला मधे काहीतरी घडायला लागतं. म्हैस आडवी येऊ दे, किक बसू नये, काहीही.

तिसरं, दिशा बदलायचीच असेल तर. वळण शॉटमध्येच दाखवलं तर सगळ्यात उत्तम, प्रेक्षक आपणहून फिरतो. नाहीतर समोरून सरळ कॅमेऱ्यावर येणारा किंवा पाठमोरा सरळ लांब जाणारा शॉट. त्याला डावं-उजवं काही नसतं. तो मधे टाकला की मागची दिशा पुसली जाते आणि नवी लिहिता येते. तुमच्याकडे असा एखादा आहे का? रशेस, म्हणजे न कापलेलं कच्चं शूटिंग, नीट बघा. कॅमेरा बंद करायचा विसरलेले तुकडेसुद्धा.

कट हालचालीच्या मधोमध मारा. पोरगा सायकलवर टांग टाकतोय, पाय दांडीवरून जात असताना कट. पुढचा शॉट मी दोन-तीन फ्रेम मागून सुरू करते. कागदावर पाय तेवढा दोनदा वर जातो, पण नव्या चित्रात डोळा स्थिरावेपर्यंत तो वेळ निघून गेलेला असतो.

उलटं करण्याबद्दल: पाट्या, नंबरप्लेट, घड्याळाचा हात, केसांचा भांग, सगळं बघून घ्या. आणि एम-एटीचा ॲक्सिलरेटर उजव्या मुठीत असतो, तो डाव्या हातात गेला तर तुमच्या गावात ओरडा होईल.

एम_एटीवाला

ताई, दंडवत! समोरून येणारा शॉट... मला वाटतं आहे. दुसऱ्या दिवशी चुलता पुलावरून येताना कॅमेरावाला जेवायला बसला होता आणि कॅमेरा तिपाईवर चालूच होता. उद्या शोधतो.

खडूस_प्रेक्षक

ताई, सगळं मान्य, पण एवढा बाऊ कशाला? वॉल्टर मर्च या अमेरिकन संकलकाने कट कुठे मारावा याची सहा कारणं दिली आहेत आणि त्यांना टक्केही वाटून दिले आहेत. भावना ५१, गोष्ट २३, लय १०, नजरेचा माग ७, पडद्याची सपाट चौकट ५ आणि जागेची सलगता फक्त ४. म्हणजे तुमचा हा अख्खा प्रतिसाद ४ टक्क्यांवर आहे.

आणि जॉन फोर्डचा 'स्टेजकोच' बघा, १९३९ चा. कोरड्या सपाट तलावावरून बग्गी धावतेय, मागे अपाची घोडेस्वार. कधी डावीकडून उजवीकडे, कधी उजवीकडून डावीकडे, फोर्ड खुशाल रेघ ओलांडतो. आजवर कुणाचं काही अडलं का?

कातरकाम

मर्चची यादी मला पाठ आहे :) त्याचं म्हणणं, भावना राखण्यासाठी जागा सोडावी लागली तर सोडा. दोन माणसं स्वयंपाकघरात रडतायत, तेव्हा फ्रीज डावीकडे की उजवीकडे याने काही बिघडत नाही. पण पाठलागात भीती कसली असते? गाठेल की नाही, याची. म्हणजे ती ५१ टक्के भावना जागेवरच उभी आहे. तो किती मागे आहे हेच कळलं नाही तर घाबरायचं कशाला?

'स्टेजकोच'चं उदाहरण चांगलं आहे, मी वर्गात दाखवते. तिथे का चालतं ते बघा. एकीकडे सहा घोड्यांची बग्गी, दुसरीकडे एकेकटे घोडेस्वार. डुलकी काढून उठलेल्यालाही कळेल कोण पळतंय आणि कोण पाठीवर आहे. शिवाय मैदान मोकळं, लपायला काही नाही, आणि बग्गी व स्वार एकाच फ्रेममध्ये पुन्हा पुन्हा दिसतात. यांच्याकडे दोन दुचाक्या, अरुंद बाजारपेठ आणि दोघं एका फ्रेममध्ये एकदाही नाहीत. फोर्डला जी उधारी मिळाली ती यांना मिळणार नाही.

बाळू_तंबूवाला

ताईंनी उलट्या चित्राचं काढलं म्हणून सांगतो. मी १४ वर्षं जत्रांमधून तंबूत मशीन चालवलं. पुसेगाव, म्हसवड, पाल, सगळीकडे. एकदा असिस्टंट पोरानं रीळ गुंडाळताना पालथं केलं आणि मी घाईत तसंच मशीनमध्ये ओवलं. ३५ एमएमला दोन्ही कडांना भोकं सारखीच, त्यामुळे ओवताना काही अडत नाही. चित्र पडद्यावर आरशातल्यासारखं. नेमका मारामारीचा आणि घोड्यांचा भाग होता. हिरो डाव्या हातानं ठोसे मारतोय, पब्लिक शिट्ट्या मारतंय, कुणाला पत्ता नाही. बोंब झाली ती आवाजामुळं. आवाजाची पट्टी पलीकडच्या कडेला गेली, त्यामुळं डायलॉगच्या जागी नुसतं घर्रर्र. चित्र उलटं आहे म्हणून एकानंही दगड मारला नाही.

सगळंच्या सगळं उलटं झालं तर माणूस चुकत नाही. अर्धं सुलटं, अर्धं उलटं झालं की चुकतो. धागाकर्त्याचं तेच झालंय.

निळी_छत्री

काका, शेवटच्या दोन ओळी वाखुसा (वाचनखूण साठवली).

फिल्लमबाज

उशिरा आलो. थोडा मागचा इतिहास टाकतो, कारण ही अक्कल सिनेमाला पहिल्या दहा वर्षांतच आली आणि ती कॅमेऱ्यासमोर पळणाऱ्या लोकांमुळेच आली. सुरुवातीला एक सीन म्हणजे एक शॉट, नाटकासारखा. पण चोर पळाला की तो पडद्याच्या कडेबाहेर जाणारच. मग पुढचा शॉट कुठला? पाठलागाने हा प्रश्न गळ्यातच मारला.

१९०५ चा इंग्लंडमधला 'रेस्क्यूड बाय रोव्हर' बघा. जेमतेम ६-७ मिनिटांचा, निर्माता सेसिल हेपवर्थ. त्याची बायको, तान्ही मुलगी आणि पाळलेला कुत्रा, सगळं घरच त्यात उतरलंय. भिकारीण बाळ पळवते आणि कुत्रा शोधायला निघतो. खिडकीतून उडी, रस्ता, कोपरा, नदीतून पोहत पलीकडे, मग गरीब वस्तीतल्या दारांची रांग, एकेक दार हुंगत. जाताना तो प्रत्येक शॉटमध्ये कॅमेऱ्याकडे धावत येतो. बाळ सापडल्यावर मालकाला सांगायला परत निघतो, तेव्हा त्याच जागा, कॅमेरा तिथेच, फक्त क्रम उलटा आणि कुत्रा पाठमोरा लांब जाताना. तिसऱ्यांदा मालकाला घेऊन येतो, तेव्हा तुम्हाला रस्ता पाठ झालेला असतो. नदी आली की आपणच मनात म्हणतो, आता मालक कसा जाणार? तो होडीत बसतो. एक अक्षर लिहून न दाखवता. सिनेमा इतका खपला की मूळ निगेटिव्ह झिजली आणि अख्खा सिनेमा आणखी दोनदा शूट करावा लागला.

अवांतर: त्या कुत्र्याला ॲक्सिस कुणी शिकवला होता कुणास ठाऊक, पण आमच्या फिल्म सोसायटीच्या दोन सदस्यांपेक्षा तो बरा.

बे_एरियाची_मावशी

सॅन फ्रान्सिस्कोजवळ २२ वर्षं राहते म्हणून 'बुलिट'बद्दल लिहायलाच हवं. १९६८, स्टीव्ह मॅक्वीनची हिरवी मस्टँग आणि गुंडांची काळी डॉज चार्जर, जवळजवळ ११ मिनिटं. संकलक फ्रँक केलर, ऑस्कर मिळालं.

आम्ही नवे असताना नवऱ्याने हट्टाने एका शनिवारी तो रस्ता गाडीने करायला घेतला. होईचना! बर्नल हाइट्सच्या बाजूला सुरू होतं, मग पोत्रेरो हिल, आणि पुढच्या कटला गाडी एकदम नॉर्थ बीचला. म्हणजे डेक्कनवरून वळलात आणि हडपसरला निघालात. मग रशियन हिलचे उतार, मग मरीना, आणि शेवटी शहराच्या दक्षिणेला ग्वाडालूप कॅनियन पार्कवे, तो तर पार उलट्या टोकाला. आम्ही दुपारी तीनला नाद सोडला आणि डोसा खायला गेलो.

त्यात ती प्रसिद्ध हिरवी फोक्सवॅगन बीटल! उतारावर दोन्ही गाड्या तिला मागे टाकतात आणि थोड्या वेळाने ती पुन्हा पुढे हजर. असं तीन-चारदा. एकच धाव वेगवेगळ्या कॅमेऱ्यांनी घेतलेली आणि ते तुकडे एकापुढे एक लावलेले, म्हणून. चार्जरची चाकं चार, पण गळून पडलेल्या चाकांच्या टोप्या मोजल्या तर चारपेक्षा जास्त भरतात. मी तो सिनेमा कॉलेजात असताना पुण्यात पाहिला होता. बीटल दिसली नव्हती की टोप्या मोजल्या नव्हत्या. खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते एवढं आठवतं.

कातरकाम

मावशी, बीटलवाला भाग मी शिकाऊ पोरांना हटकून दाखवते. आधी न सांगता. बीटल कुणाला दिसत नाही. मग सांगून दाखवते, की बीटलशिवाय काही दिसत नाही.

त्यातली मला सगळ्यात आवडणारी जागा फार छोटी आहे. सुरुवातीला नुसतं दबकत मागे जाणं चालू असतं, लालो शिफ्रिनचं संगीत खाली सुरू. मग गुंडांचा ड्रायव्हर सीटबेल्ट लावतो. बकल बसल्याचा खटका. टायर किंचाळतात आणि संगीत बंद. तिथून पुढे फक्त इंजिनं. त्या इंजिनांच्या आवाजाने सगळी बेइमानी झाकली आहे. चित्र एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर उडी मारतं, पण गिअर बदलल्याचा आवाज सलग चालू, त्यामुळे कान म्हणतो की रस्ता तोच आहे.

@एम_एटीवाला, एम-एटीचा आवाज वेगळा रेकॉर्ड केलाय ना? नसेल तर आजच करा. स्टार्ट, रिकामी, चढावर, लांब जाताना. तो पाठलागभर न तोडता खाली पसरवा. पोराच्या शॉटवर सुद्धा. तिथे थोडा लहान, आणि शॉट दर शॉट मोठा होत जाऊ दे.

एम_एटीवाला

मोबाईलवर चालेल?

कातरकाम

चालेल, सायलेन्सरला फार चिकटू नका, आवाज फाटतो.

खडूस_प्रेक्षक

आता नव्या सिनेमांवरही बोला की. हल्ली पाठलाग म्हणजे मिक्सर. १ सेकंदाचा शॉट, त्यात कॅमेरा हलतोय, गाडी कुठली, रस्ता कुठला, कळायच्या आत पुढचा. २००८ चा 'क्वांटम ऑफ सोलेस', सुरुवातीचा इटलीतला कारचा पाठलाग. दोनदा पाहिला, कोण कोणाच्या मागे आहे ते दुसऱ्या वेळी कळलं.

फिल्लमबाज

खडूसरावांशी सहमत, दुर्मीळ योग. पण दोष कट जास्त असण्याचा नाही. २०१५ चा 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' घ्या. जवळपास अख्खा सिनेमाच पाठलाग. साधारण २७०० शॉट, म्हणजे सरासरी अडीच सेकंदांच्या आसपास. ४८० तासांच्या फुटेजमधून मार्गारेट सिक्सेलने तो कापला. तिने त्याआधी ॲक्शन सिनेमा केलेला नव्हता. दिग्दर्शक जॉर्ज मिलर तिचा नवरा. ऑस्कर तिला मिळालं.

तो डोळ्याला शिणवत नाही, कारण महत्त्वाची गोष्ट प्रत्येक शॉटमध्ये चौकटीच्या मधोमध ठेवलीय. छायालेखक जॉन सील यांना तशी सूचनाच होती. पुढचा कट आला की डोळ्याला शोधायला जावं लागत नाही, तो आधीच तिथे असतो. मर्चच्या यादीत ७ टक्के मिळालेला तो नजरेचा माग, तो इथे सगळा भार उचलतो. बाकीच्या पाठलागांत एका कटला हिरोचं डोकं डाव्या कोपऱ्यात, पुढच्याला टायर उजव्या तळाशी. टेबल टेनिस बघितल्यासारखी मान दुखते.

आणि आपल्या लोकांचं एक राहूनच गेलं. 'शोले'. १९७५. त्या सिनेमाला फिल्मफेअरचं एकच पारितोषिक मिळालं, आणि ते संकलनाचं, एम. एस. शिंदे यांना. अमजद नाही, संजीवकुमार नाही, जय-वीरू नाहीत. सुरुवातीचा रेल्वेवरच्या हल्ल्याचा भाग पनवेलजवळ घेतलाय, त्यालाच ७ आठवड्यांहून जास्त लागले. इतक्या दिवसांचं ऊन, धूर, घोडे, कोळसा असं सगळं गोळा करून एका धावेत बसवणं म्हणजे काय ते संकलकालाच माहीत. रुळांचा एक फायदा मात्र असतो. रूळ हीच रेघ. गाडी वळून परत फिरणार नाही याची प्रेक्षकाला खात्री असते, म्हणून तो बाकीचं सोडून टपावरच्या माणसांकडे बघू शकतो.

सांगलीची_सून

तुम्ही सगळे गाड्या-घोड्यांत रमलात. माझ्या मते मराठीतला सगळ्यात अस्सल पाठलाग 'फँड्री'तला आहे. २०१३, नागराज मंजुळे. शाळेशेजारी डुक्कर पकडायचं चाललंय, सगळं घर त्यामागे धावतंय आणि त्या घरातला शाळकरी पोरगा जब्या वर्गातल्या पोरांना दिसू नये म्हणून लपतोय. म्हणजे पाठलाग दोन आहेत. डुकराचा पायांनी आणि जब्याचा नजरांनी. मग शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. धावणारे सगळे जागच्या जागी उभे, डुक्कर मात्र चाललंय आपल्या वाटेने. आख्ख्या पाठलागात पकडण्याच्या इतकं जवळ आल्यावर थांबावं लागतं, आणि ते थांबणं धावण्यापेक्षा जास्त छळतं.

डुकराला तुमचा लेफ्ट-टू-राइट कोण सांगणार? ते जाईल तिकडे. मला वाटतं तिथे बाजू पळणाऱ्यांनी ठरत नाहीत, बघणाऱ्यांनी ठरतात. पोरं कुठे उभी आहेत हे एकदा डोक्यात बसलं की डुक्कर कुठेही जाऊ दे.

कातरकाम

सूनबाई, हे मला सुचलं नव्हतं. बरोबर आहे. बघ्याची नजर ही पण रेघच.

याच जातीचा आणखी एक, अनुराग कश्यपच्या 'ब्लॅक फ्रायडे'तला मुंबईच्या झोपडपट्टीतला पाठलाग, संकलन आरती बजाजचं. पोलीस आणि ते ज्याच्या मागे आहेत तो इम्तियाज, दोघंही दमतात. पळणं चालण्यावर येतं, तरी पाठलाग सुरूच. बाकी सगळे संकलक शेवटाकडे कट लहान करत नेतात, इथे माणसांचाच दम सुटत जातो आणि कटलाही त्यांच्यासोबत धाप लागते. दिग्दर्शक डॅनी बॉइलने 'स्लमडॉग मिलियनेअर'च्या वेळी या पाठलागाचं नाव घेतलं होतं.

एम_एटीवाला

आलो परत. उशीर झाला, गणपती होते.

तर, जेवणाच्या वेळी चालू राहिलेला शॉट सापडला. पूर्ण २१ सेकंद, चुलता समोरून येतोय, आधी ठिपका, मग दिवा, मग मिशा. शेवटी तो थांबून "कॅमेरा चालू आहे का रे?" विचारतो, ते कापलं.

ताईंच्या सांगण्यावरून असं केलंय. बाजारातले चुलत्याचे बाजूने घेतलेले सगळे शॉट काढून टाकले. तिथे फक्त पोरगा, डावीकडून उजवीकडे, आणि मधे चुलत्याच्या उजव्या मुठीचा जवळून घेतलेला शॉट, उलटा न करता. मुठीला कुठली दिशा? मग तो समोरून येणारा शॉट, ९ सेकंद. त्याच्यानंतर पुलावरचा पोरगा, हा उलटा केला, कारण तिथे पाटी नाही, नुसता कठडा. म्हणजे पुलापासून पुढे उसापर्यंत सगळं उजवीकडून डावीकडे. रिकामा पूल पहिल्यांदा ६० फ्रेम ठेवलाय, दुसऱ्यांदा ३०, आणि तिसऱ्यांदा १४. आवाज पसाऱ्यासारखा सगळीकडे पसरलाय. ५० फ्रेमच्या खाली आलो की पोटात कसंतरी होतं, ते पहिल्यांदाच कळलं.

एक घोळ झाला. पुलावरचा शॉट उलटा केल्याने दप्तर उजव्या खांद्यावरून डाव्यावर गेलं, उसात शिरलं की परत उजव्यावर. तुटलेला अंगठाही पाय बदलून परत येतो. मावसभाऊ दोन दिवस बोलला नाही.

बाळू_तंबूवाला

दाखवलं का कुणाला?

एम_एटीवाला

हो काका, विसर्जनाच्या आदल्या रात्री, मंडळाच्या मांडवात, पांढऱ्या चादरीवर. दीड-दोनशे माणूस होतं. दप्तर कुणाला दिसलं नाही. आई पण काही बोलली नाही, १४ फ्रेमच्या जागी "अगं बाई" म्हणाली तेवढंच.

बोंब वेगळीच झाली. पूल ओलांडून पोरगं उसात शिरलं आणि मागून एकजण उभा राहून ओरडला, "ए, पुलापलीकडं आमचा ऊस हाय, ह्यो तर देवळामागचा पाटलाचा! आमच्या रानात काय काटं होतं का?" पाटील पुढच्याच रांगेत बसले होते. त्यांना आता सिनेमाच्या श्रेयनामावलीत नाव हवंय.

बे_एरियाची_मावशी

आमच्या नॉर्थ बीचवाल्यांना असं ओरडायला पन्नास वर्षांत कुणी मांडव दिला नाही बघ.

खडूस_प्रेक्षक

लिंक टाका. दप्तर मी बघेन.